रयतेचा पैसा आणि शास्त्राचे शोध



२३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात सुखरूप उतरले, तेव्हा आपल्या गावोगावी पुष्कळांस आनंद झाला. परंतु त्याच आनंदात कित्येकांनी असेही विचारले की, ज्या देशात पाड्यावरच्या बाईस उन्हाळ्यात दोन हंडे पाण्याकरिता कोसभर चालावे लागते, त्या देशाने चंद्राची माती तपासण्यात द्रव्य का वेचावे? शहाणे म्हणविणारे लोक हा प्रश्न हसण्यावारी नेतात. आमच्या मते तो अडाणीपणाचा प्रश्न नव्हे, न्याय-अन्यायाचा आहे. ज्याने पैसा दिला त्यास त्या पैशाचे काय झाले हे विचारण्याचा अधिकार आहे, आणि ज्याने तो घेतला त्याच्यावर उत्तर देण्याचे कर्तव्य आहे. म्हणून सरकारी पैशाने चालणारे शास्त्रसंशोधन योग्य आहे की नाही, व योग्य असल्यास कोणत्या अटीवर, ह्याचा आज आपण शांतपणे विचार करू.

प्रथम हे पाहू की, हा पैसा आहे कोणाचा. आपण सहज बोलताना "सरकारचा पैसा" असे म्हणतो. पण वास्तविक पाहता सरकारजवळ स्वतःचा असा पैसा नसतो. तो रयतेचा असतो. इंग्रजी अमलात मिठावर कर होता, आणि तो गरिबातल्या गरिबाच्या भाकरीतून वसूल होई. तो कर गेला, तरी साबणाची वडी, पायातली वहाण, मोबाइलचे रिचार्ज ह्यांच्या किमतीत कर मिसळलेला असतोच. ज्याला प्राप्तिकर ठाऊक नाही, असा वीटभट्टीवरचा मजूरही रोज थोडाथोडा कर भरीत असतो. त्यास पावती मिळत नाही, इतकेच. २०२०-२१ सालच्या हिशेबाप्रमाणे देशाच्या एकंदर उत्पन्नातील दर शंभर रुपयांमागे सुमारे चौसष्ट पैसे संशोधनावर खर्च झाले, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सरकारी तिजोरीतून आले. ही रक्कम लहान आहे, म्हणून तिचा विचार नको, असे कोणी म्हणेल. ते बरोबर नाही. गरिबाच्या पदरचा एक पैसा घेतला तरी त्याचे कारण सांगता आले पाहिजे.

आता विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, "आधी भूक, मग शोध. घरात मूल उपाशी असता बाप पुस्तक विकत घेत नाही." हे म्हणणे वजनदार आहे, व त्यास सोपे उत्तर नाही. तरी आपल्या शेतकऱ्याच्या घरात डोकावून पाहा. आषाढात कणगीचा तळ दिसू लागतो, चुलीवर पेज पातळ होते. तरी बियाण्याचे भात कोणी कांडून खात नाही. त्या दिवशी ते खाल्ले असते तर पोट भरले असते, पण पुढचे वर्ष रिकामे गेले असते. बियाणे राखणारा शेतकरी मुलांविषयी कठोर असतो काय? नाही. तो आजच्या मुलाबरोबर उद्याच्या मुलाचाही विचार करितो. शास्त्राचे संशोधन हे राष्ट्राचे बियाणे होय. मात्र ह्या दृष्टांतात एक भेद आहे, आणि तो विसरता कामा नये. शेतकरी स्वतःचे बी स्वतःच्या शेतात पेरितो व पीक आपल्याच कणगीत भरितो. येथे बी सर्वांचे घेतले जाते, पण पीक कोणाच्या कणगीत जाते? ह्या लेखाचा खरा प्रश्न हाच आहे.

तत्पूर्वी, बी पेरताना ते कोठे व केव्हा उगवेल हे पेरणाऱ्यास ठाऊक नसते, ह्याचे एक उदाहरण मुंबईचेच घेऊ. १८२६ साली ईस्ट इंडिया कंपनीने कुलाब्यास एक वेधशाळा स्थापिली. पुढे १८४१ पासून तेथे पृथ्वीच्या चुंबकशक्तीची नियमाने मोजदाद होऊ लागली. टांगलेला चुंबक किती हलला, हे ठरल्या वेळी पाहून वहीत लिहावयाचे, असे ते काम. ह्यातून रयतेस काय मिळते, असे कोणी विचारले असते तर लिहिणाऱ्यास उत्तर देता आले नसते. सप्टेंबर १८५९ च्या आरंभी सूर्यावरील एका प्रचंड स्फोटामुळे पृथ्वीवर चुंबकीय वादळ उठले, परदेशांत तारायंत्रे बिघडली, आणि कुलाब्याच्या वहीत चुंबकाची विलक्षण हालचाल नोंदली गेली. वही मिटली गेली. तिच्यातील आकडे पुन्हा पुढे घेऊन शास्त्रज्ञांनी त्या वादळाच्या जोराचे गणित २००३ साली प्रसिद्ध केले. म्हणजे मध्ये एकशे चव्वेचाळीस वर्षे लोटली होती.

हे गणित आता कशाला हवे होते? मार्च १९८९ मध्ये त्याहून पुष्कळ लहान अशा एका वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज सुमारे नऊ तास बंद पाडली, आणि साठ लक्ष लोक अंधारात राहिले. आज आपले दवाखाने, आगगाड्या, पाण्याचे पंप, सर्व विजेवर चालतात. तेव्हा असे वादळ किती मोठे होऊ शकते हे जाणणे ही चैन नव्हे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसू लागताच, त्यांच्यामुळे मोजणीत बिघाड होऊ नये म्हणून, नानाभाई मूस ह्यांच्या देखरेखीखाली हे काम १९०४ साली अलिबागेस हलविले गेले, व तेथे ते अद्याप चालू आहे. ज्यांच्या करातून कुलाब्याच्या त्या कामाचा खर्च निघाला, त्यांच्यापैकी एकासही त्याचे फळ पाहावयास मिळाले नाही. ते आपल्याला मिळाले. म्हणजे आपणही कोणाचे तरी ऋणी आहो.

कोणी म्हणेल की, हे काम व्यापाऱ्यांनी करावे, सरकारने का? व्यापारी वाईट असतो असे आमचे म्हणणे नाही. पण जे विकता येते त्यावरच तो भांडवल घालतो, व तसे करणे त्यास भागच आहे. वादळाची सूचना तो कोणास विकणार? ज्याच्या होडीस ती सर्वांत अधिक हवी, त्याच्याजवळच द्यावयास पैसा नसतो. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आले आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच राज्याच्या किनाऱ्यावर फायलिन हे मोठे वादळ आले. त्या वेळी हवामानखात्याचा अंदाज आधीच हाती होता, सरकारने सुमारे दहा लक्ष लोकांस सुरक्षित जागी नेले, आणि मृतांचा आकडा काही दशकांवर थांबला. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यास लागले, त्यापूर्वी आपल्या पालघरच्या किनाऱ्यावरही सावधगिरीचा हुकूम पोचला होता. उपग्रह, समुद्रातील मापनयंत्रे व हिशेब करणारी गणकयंत्रे ह्यांवर वर्षानुवर्षे झालेला खर्च एका रात्रीत असा वसूल होतो. जो जीव वाचला त्याची किंमत कोणत्या वहीत लिहावी?

परंतु ज्ञान लाभदायक असले म्हणजे ते देणाऱ्याची रीतही योग्य असते, असे नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस ह्यांनी प्लेग ओळखला. ऑक्टोबरात सरकारच्या सांगण्यावरून वाल्देमार हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस येऊन ग्रँट मेडिकल कॉलेजातील अपुऱ्या जागेत कामास लागले, आणि सुमारे तीन महिन्यांत त्यांनी प्लेगवरील लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळ येथील हाफकिन संस्था ही त्याच कामाची वाढ होय. १८९९ पासून ते काम तेथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसात चालले, व १९२५ साली संस्थेस त्यांचे नाव मिळाले. ज्याने दुसऱ्यास टोचण्यापूर्वी स्वतःचा दंड पुढे केला, त्याची नीती उघड आहे. पण त्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर लसीची परीक्षा झाली. कैदी राजी होते खरे; तथापि बंद दाराआडच्या मनुष्याने दिलेल्या होकारास किती मोल द्यावे, हा विचार मनास टोचल्यावाचून राहत नाही.

त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताकरिता गोरे सोजीर घराघरात शिरले. लोकांच्या मनात संताप साठला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री प्लेगचे अधिकारी रँड ह्यांच्यावर गोळी झाडली गेली. लस घेऊन येणारा व दार फोडून येणारा, दोघेही सरकारचेच. लोकांनी एकाच्या रागाने दुसऱ्याकडेही पाठ फिरविली तर नवल नाही. ह्यावरून हा बोध घ्यावा की, शोध प्रयोगशाळेत लागतो, पण तो उपयोगी पडतो तो लोकांच्या विश्वासामुळे. आणि विश्वास हुकुमाने उत्पन्न होत नाही.

आता आपल्या समुद्राकडे वळू. हैदराबाद येथे १९९९ साली स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही सरकारी संस्था मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना कोळीबांधवांस मोफत देते. तिची रीत समजण्यासारखी आहे. उपग्रह वरून समुद्राच्या पृष्ठभागाची उष्णता व पाण्याचा हिरवट रंग पाहतो. जेथे थंड व उष्ण पाणी एकमेकांस भिडते, तेथे पोषक द्रव्ये एकत्र होतात; त्यांवर डोळ्यांस न दिसणाऱ्या वनस्पती वाढतात, त्या खावयास बारीक जीव येतात, आणि त्यांच्यामागे मासे. मग कोणत्या बंदरापासून कोणत्या दिशेस, किती अंतरावर व किती खोलीवर जावे, हे कळविले जाते. जुने तांडेल पाण्याचा रंग व पाखरांचे थवे पाहून हेच ओळखीत आले आहेत. शास्त्राने त्यांचे ज्ञान खोटे ठरविले नाही, त्यास लांबवर पाहणारा डोळा दिला. सूचना बरोबर निघाली की शोधाशोध वाचते, डिझेल वाचते, आणि खलाशाचा दिवस वाचतो.

तथापि येथेच कणगीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. सूचना सर्वांस सारखी मिळते. पण चाळीस किलोमीटर दूरच्या जागी मोठे इंजिन असलेला ट्रॉलर थोड्या वेळात पोचतो, आणि लहान होडीवाला पोचेपर्यंत तेथील पाणी उपसून झालेले असते. म्हणून ज्ञान सर्वांस सारखे वाटले म्हणजे न्याय झाला, असे नाही. ज्याचे हात आधीच लांब आहेत त्याच्याच पदरात ते अधिक पडते. सर्वांच्या पैशाने मिळालेले ज्ञान दुबळ्याच्या हाती पोचावे म्हणून वेगळा यत्न करावा लागतो; लहान होड्यांचे क्षेत्र राखावे लागते, मासेमारीबंदीचे नियम मोठ्यांकडूनही पाळून घ्यावे लागतात. हे काम शास्त्रज्ञाचे नव्हे, राज्यकर्त्यांचे व आपले आहे.

शेवटी आपल्या दाराशी असलेल्या उदाहरणाकडे येऊ. घिवलीच्या शेजारी तारापूरचे अणुऊर्जा केंद्र उभे आहे. त्यातील पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून दिल्या, व २८ ऑक्टोबर १९६९ पासून त्यांची वीज महाराष्ट्र व गुजरात ह्या राज्यांसाठी रीतसर मिळू लागली. ती यंत्रे विकत घेतलेली होती, आणि त्यांचे इंधनही बाहेरून यावयाचे होते. १९७४ साली भारताने पोखरण येथे अणुस्फोटाची चाचणी केल्यावर अमेरिकेने इंधनाविषयी हात आखडता घेतला. कित्येक वर्षांच्या वाटाघाटीनंतर १९८२ साली ते फ्रान्सकडून घ्यावे असे ठरले. विकत घेतलेल्या विद्येची किल्ली विकणाऱ्याच्या कमरेला असते, हे त्या वेळी देशास कळून चुकले. ह्याच्या उलट, त्याच किनाऱ्यावरील तिसरी व चौथी अणुभट्टी, प्रत्येकी ५४० मेगावॉटची, आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी आखली व उभारली. चौथी २००५ साली व तिसरी २००६ साली वीज विकू लागली. होमी भाभा ह्यांच्या पुढाकाराने १९४५ साली टाटांच्या धर्मादाय निधीच्या व सरकारच्या साह्याने मूलभूत संशोधनाची संस्था निघाली, १९५४ साली तुर्भ्यास अणुसंशोधनाचे केंद्र सुरू झाले, आणि अर्ध्या शतकानंतर तारापुरास हे पीक आले.

त्या तुर्भ्याच्या केंद्रातून केवळ वीजच निघाली असेही नाही. अकोल्याच्या कृषिविद्यापीठाबरोबर तयार केलेले टीएजी-२४ हे भुईमुगाचे वाण १९९१ साली बाहेर पडले व ते पुष्कळ शेतकऱ्यांच्या शेतात गेले. लासलगावच्या किरणकेंद्रातून किरण दिलेला आंबा २००७ पासून अमेरिकेस जाऊ लागला. परळचे टाटा रुग्णालय १९६२ पासून अणुऊर्जाखात्याच्या छत्राखाली आहे, आणि आपल्या जिल्ह्यातूनही कर्करोगाने पीडलेले लोक तेथे उपचारास जातात. हे सर्व लाभ खरे आहेत. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. तिसऱ्या व चौथ्या भट्टीकरिता पोफरण व अक्करपट्टी ह्या गावांतील कुटुंबांस आपली घरे सोडावी लागली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद वर्षानुवर्षे मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला. दूरच्या शहरातील मनुष्याने दिवा लाविला. त्याच्याकडून करापलीकडे काही मागितले गेले नाही. ह्या लोकांनी कर दिला व वर अंगणही दिले. पुष्कळांच्या सुखाकरिता थोड्यांनी सोसावे असे म्हणणे सोपे आहे, विशेषतः जो सोसणाऱ्यांत नाही त्यास. न्यायाची कसोटी ही की, ज्यांनी अधिक दिले त्यांस आधी मिळाले काय? ज्याचे घर गेले त्याचे प्रकरण शेवटच्या पानावर आणि ज्याची वीज वाढली त्याचा सत्कार पहिल्या पानावर, असा हिशेब कोणत्याही कारभाऱ्यास शोभत नाही.

तर मग आमचा अभिप्राय असा आहे. रयतेच्या पैशाने शास्त्रसंशोधन चालणे योग्य आहे, इतकेच नव्हे तर अवश्य आहे. कारण जे ज्ञान विकता येत नाही, जे उशिरा फळते, आणि जे गरिबास सर्वांत अधिक लागते, ते दुसऱ्या कोणत्याही रीतीने मिळत नाही. परंतु हा पैसा दान नव्हे, ऋण आहे. ते फेडावयाचे तीन हप्ते आहेत. पहिला हप्ता फळाचा: शोधाचा लाभ शहरात थांबू नये, पाड्यापर्यंत चालत यावा. दुसरा सत्याचा: यंत्राचा लाभ सांगणाऱ्याने त्याचा धोकाही आपल्या भाषेत, समजेल असा सांगावा, किरणांविषयी गावात उठणाऱ्या वावड्यांस धाक नव्हे, तर उघड मोजमाप हेच उत्तर आहे. तिसरा हप्ता भरपाईचा: ज्याने जागा दिली त्यास ती जागा घेण्यापूर्वीच न्याय मिळावा, नातवाच्या काळात नव्हे.

आणि घेणेकऱ्यानेही आपले काम केले पाहिजे. जो सावकार आपली वहीच उघडीत नाही, त्याचे देणे कोण फेडील? वादळाची सूचना आली असता "आजवर काही झाले नाही" असे म्हणून होडी लोटू नये; त्या सूचनेत आपलाच पैसा आहे. मासळीची सूचना कोठे मिळते हे वाचता येणाऱ्याने न वाचता येणाऱ्यास सांगावे. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने साध्या अर्जावर सरकारी कागद मागता येतो. ग्रामसभेत तो मोठ्याने वाचता येतो. केंद्राच्या भिंतीपलीकडे काय चालते हे विचारणे म्हणजे देशद्रोह नव्हे, आणि तेथे सर्व पापच चालते असे न तपासता बोलणे म्हणजे शौर्य नव्हे. आपल्या मुलामुलींस गणित व शास्त्र मन लावून शिकवावे, म्हणजे त्या भिंतीच्या आत पहारेकरी व झाडूवाले म्हणूनच नव्हे, तर मोजणारे व विचार करणारे म्हणूनही आपले लोक जातील.

पाणी भरणाऱ्या त्या बाईच्या प्रश्नास एवढे उत्तर देता येईल: बाई, तुझा पैसा चंद्रावर गेला ह्यात अन्याय नाही, तिकडे जाण्याची जी विद्या त्या पैशाने मिळाली, ती उतरून तुझ्या विहिरीपर्यंत आली नाही, तर मात्र अन्याय आहे. आकाशातून भूगर्भातील पाण्याचा माग काढण्यास उपग्रहांचे साह्य होते; तेव्हा विद्या नाही म्हणून विहीर कोरडी, अशी सबब आता चालण्यासारखी नाही. तिने हा प्रश्न विचारणे सोडू नये, आणि आपण तिला गप्प बसवू नये. कारभाऱ्यास हिशेब द्यावा लागतो, पण तो मागणारा कोणी असेल तेव्हाच.